तीन ओळींवाली कौसर आपा

कौसर आपानं त्या पोरीचं भलं केलं की वाटोळं केलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी तशी ठरवायला वेळ लावणारी बाई नाही. वांगं किडकं आहे की नाही हे मी हात न लावता सांगते. नवीन आलेल्या पोरींपैकी कोणती टिकणार आणि कोणती घर आठवून रडणार, हे मला त्यांच्या पहिल्या जेवणात कळतं. आपापाशी मात्र माझी नजर चालली नाही.

लातूरला आमच्या गल्लीत घरोघरी शिकणारी पोरं-पोरी ठेवलेली आहेत. कुणी बारावीची, कुणी बारावी होऊन डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी. नवरा गेल्यावर मी वरच्या खोल्या पोरींना दिल्या आणि खाली मेस घातली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पोरी काय वाचतात ते मला समजत नाही. काय खातात ते समजतं.

आपा समोरच्या घरात भाड्यानं राहायला आली. रेणापूरकडच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेली. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, एक भाऊ उदगीरला. उंच, हडकुळी. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि पायातले कापडी बूट कधी धुतलेले नसायचे. बूट पुरुषांचे होते. तिच्या चष्म्याच्या डबीत चष्मा नसायचा, पेनं असायची. चष्मा ती सगळीकडे विसरायची, पेन कधी नाही.

पहिल्याच दिवशी येऊन म्हणाली, "अक्का, मला स्वयंपाकाचा भारी कंटाळा. तुमच्या पोरींच्या पंगतीत माझंही ताट वाढाल का? ताट-वाटी माझी मी आणीन."

"कामून? माझी ताटं फुटकी हायेत का?"

"तसं नाही. एखाद्या पोरीच्या आईला चालायचं नाही."

"वेगळं ताट वेगळं घासायला मला फुरसत न्हाई. बसा."

बसली ती. एका पोरीच्या आईनं पुढं खरंच विचारलं. मी म्हणाले, तुमची पोरगी खाते तेच त्या खातात, तुमच्या पोरीपेक्षा कमी खातात. विषय मिटला.

आपाला लांबण लावलेली चालायची नाही. मी मिठाच्या भावापासून सुरुवात करून माझ्या जावेच्या भांडणावर गेले, की ती तीन बोटं वर करायची. "अक्का, तीन ओळींत." मला राग यायचा. पण तीन ओळींत सांगायला गेलं की जावेचं भांडण नेमकं कशावरून झालं होतं तेच मला आठवायचं नाही. नुसती जाऊ आठवायची.

मेसमध्ये पोरी जेवताना बोलत नसत. डाव्या हातात मोबाईल किंवा नोट्स, उजव्या हातानं घास. एका रात्री आपानं शेजारच्या पोरीला विचारलं, "भाजी कशाची आहे ग?" पोरीच्या तोंडात भाजी होती. तिनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला खरंच माहीत नव्हतं. दोडका होता. मी भर उन्हात बसून त्याच्या शिरा काढल्या होत्या, मला असा संताप आला म्हणता! आपानं मात्र आपलं ताट संपवलं. हात धुताना मला म्हणाली, "अक्का, या पोरींची डोकी पार कोरडी पडलीत. तुम्ही मला रविवारची संध्याकाळ देता का?"

"घ्या की. मला काय करायची हाय संध्याकाळ?"

रविवारी पोरींची मोठी चाचणी असायची. ती देऊन आल्या की मेल्यागत पडून राहायच्या. आपानं त्यांना ओसरीवर बसवलं. पेपराच्या सरावासाठी त्यांच्याकडं गोल गोल छापलेल्या उत्तराच्या कागदांचा ढीग असायचा. त्याच कागदाची मागची कोरी बाजू. आपा म्हणाली, तीन ओळी लिहा, चौथी नको. स्वतःविषयी लिहा. त्यात हाताला लागेल अशी एक तरी वस्तू पाहिजे. आणि 'मला डॉक्टर व्हायचं आहे' हे सोडून काहीही.

पहिल्या रविवारची गंमत मी विसरणार नाही. एकीनं लिहिलं होतं: मी लहानपणी कशाला घाबरत होते? (अ) पाल (ब) अंधार (क) आजोबा (ड) वरीलपैकी सर्व. दुसरीनंही तसंच. तिसरीनंही. आणि वाचून झाल्यावर सगळ्या आपाकडं बघत बसल्या.

"काय झालं?" आपानं विचारलं.

"बरोबर कोणतं ते सांगा ना, आपा."

"अगं, घाबरत तू होतीस. मला काय ठाऊक?"

आपा इतकी हसली की तिला ठसका लागला, मी पाणी दिलं. पण एका पोरीचा कागद अगदी कोरा होता. ती अश्विनी. आपानं विचारलं, काहीच का नाही लिहिलं?

"चुकलं तर मार्क कापतात," ती म्हणाली. "खात्री नसली तर रिकामं सोडायचं असतं."

"इथं कोण मार्क कापणार आहे?"

"माहीत न्हाई. म्हणून तर सोडलं."

तेव्हा आपा हसली नाही.

ही अश्विनी मुखेडकडच्या एका गावची. वडील माधवराव, घरची शेती, माणूस सरळ. थोरल्या पोरीचं लग्न झालेलं, ही धाकटी. डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती. पहिल्यांदा हुकलं तेव्हा घरात कुणी तिला एक शब्द बोललं नव्हतं, ते आणखी वाईट. माधवराव तिला सोडायला आले तेव्हा पत्र्याची पेटी स्वतः जिन्यानं वर नेली, खाली येऊन मला म्हणाले, "मावशी, पोरगी तुमच्या हवाली करून चाललो. लई हुशार हाय. फक्त बोलत न्हाई." मी म्हणाले, इथं बोलायला कुणाला वेळ हाय? निवांत जावा.

मला वाटलं होतं, रविवारचा खेळ दोन-चार आठवड्यांत विटेल. विटला नाही. पोरी लिहायच्या, वाचून दाखवायच्या, मग आपा म्हणायची, "झालं. आता टाका." कागद ठेवायचा नाही, हा तिचा नियम. मी विचारलं, मग लिहायचं कशाला? म्हणाली, "अक्का, तुम्ही भाकरी करता ती ठेवायला का?" असलं काहीतरी बोलायची आणि मला निरुत्तर केल्यासारखं करायची. मी काही निरुत्तर झाले नव्हते. भाकरी पोटात जाते, कागद कुठं जातो? ते कागद मी सकाळी बंबात घालायची. पाणी तापायचं.

एकदा मलाही बसवलं तिनं. मी लिहिलं: मी भाकऱ्या करते. पोरी खातात. मग मी खाते.

आपानं वाचलं. "अक्का, तुमच्या वाटणीची भाकरी गरम असते का गार?"

"गार. शेवटची असती ना."

"मग ते का नाही लिहिलं?"

"त्यात लिहायचं काय?"

ती डबी मिटून बूट घालून निघून गेली. मी रात्रभर चिडचिड केली. दुसऱ्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी मीच खाल्ली, मिरचीच्या ठेच्यासंगं. पोरी रिकामी ताटं घेऊन बघत बसल्या. आभाळ काही कोसळलं नाही. पण त्याचा आपाच्या तीन ओळींशी संबंध होता की मला त्या दिवशी भूकच जास्त लागली होती, ते सांगता येत नाही.

अश्विनीनं बरेच रविवार कोरा कागद दिला. आपा तो तिच्याकडून घ्यायची, उलटसुलट बघायची आणि म्हणायची, "छान. पुढच्या वेळी." मग एका रविवारी पोरीनं वाचलं: "मी पुस्तक उघडलं की मला आमच्या विहिरीवरच्या मोटरीचा आवाज येतो. पुस्तक मिटलं की मोटर बंद पडते. म्हणून मी पुस्तक उघडं ठेवून झोपते."

आपानं तिला परत वाचायला लावलं. त्यानंतर पोरीचं तोंड उघडलं ते उघडलंच. माझ्या कुकरवर तीन ओळी, क्लासच्या सरांच्या टकलावर तीन ओळी, गल्लीत येणाऱ्या डाळमिलच्या धुळीवर तीन ओळी. मग न घडलेलंही लिहू लागली. म्हणे, रात्री सगळ्या पोरींची पुस्तकं जिन्यानं खाली उतरतात आणि माझ्या पिठाच्या डब्यात जाऊन झोपतात, म्हणून मावशीची भाकरी सकाळी जड होते. पोरी हसून लोळल्या. मी म्हणाले, भाकरी जड लागत असंल तर दोन कमी खा. पण मलाही हसू आलं. आपाकडं बघितलं तर ती डबीतून पेन काढून नुसतं हातात धरून बसली होती.

त्याच महिन्यात क्लासवाल्यांचा माधवरावांना फोन गेला, पोरीचे मार्क घसरले म्हणून. माधवरावांनी मला फोन केला. मी आपाला गाठलं.

"आपा, हे बंद करा. पोरीचा अभ्यास बिघडून राहिला."

"अक्का, तिला आता झोप लागते. आधी लागत नव्हती. तुम्हीच सांगितलं होतंत."

"झोप लागून काय करायची हाय? परीक्षा तोंडावर आली. बाप कुठल्या आशेवर बसलाय, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग मला कळत नाही," आपा म्हणाली. असं ती नेहमी म्हणायची, पण हसून. मास्तरकी केलेल्या बाईनं उठता बसता 'मला कळत नाही' म्हणावं हे मला पटायचं नाही. आपल्याला कळत नाही तर दुसऱ्याच्या पोरीला हात का लावावा?

त्या रविवारी अश्विनी कागद घेऊन बसली आणि परत पहिल्यासारखा प्रश्न घातला. मी ओसरीच्या पायरीवर मेथी निवडत होते, मला शब्दन् शब्द ऐकू आला. "मी लातूरला का आले? (अ) डॉक्टर व्हायला. (ब) ताईचं लग्न झालं आणि मीच उरले म्हणून. (क) बाबांना नको म्हणता आलं नाही म्हणून. (ड) मला कुणी विचारलंच नाही."

कुणी हसलं नाही. पोरगी म्हणाली, "आपा, बरोबर कोणतं?"

मला वाटलं, आता तरी ही बाई शहाण्यासारखं 'अ' म्हणेल. एक अक्षर तर होतं. म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? आपा म्हणाली, "मला ठाऊक नाही बेटा. परत वाच."

पोरीनं परत वाचलं. कागद टाकून वर गेली.

सकाळी नाश्त्याला ती नव्हती. खोलीत पेटी होती, पांघरूण घडी करून ठेवलेलं, पाठीवरची पिशवी नव्हती. लातूरला पोरी-पोरांच्या बाबतीत काय काय ऐकलेलं असतं, ते सगळं एकदम डोक्यात आलं. आपाला हाक मारली तर ती तशीच, बूट न घालता रस्त्यावर आली. दोघी ऑटो करून स्टँडवर गेलो. मुखेडची गाडी कधीच गेली होती. आपा एकेका माणसाला विचारत होती, पाठीवर निळी पिशवी असलेली मुलगी पाहिली का. दुपारी माधवरावांचा फोन आला. पोरगी घरी पोचली, जेवून झोपली. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

आठवड्यानं माधवराव स्वतः आले. पेटी न्यायला. चहा घेतला नाही. म्हणाले, "त्या बाई कुठं राहतात?"

मी त्यांच्या मागोमाग गेले. म्हटलं, दोन शब्द बोलतील ते बोलू देत, जास्ती व्हायला नको. आपानं दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. माधवराव बसले नाहीत.

"माझ्या पोरीचं डोकं तुम्ही फिरवलं," ते म्हणाले. "दोन वर्षं ती एका रस्त्यानं चालली होती. तुम्ही मध्ये उभं राहून तिला विचारलं, कुठं चाललीस म्हणून. तुम्हाला काय गरज होती?"

आपा म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

"बरोबर हाय म्हणून काय उपयोग? आता ती म्हणती परीक्षा देईन, न देईन, बघते. बघते म्हंजे काय? मी गावात काय सांगू?"

आणि मग या बाईनं काय करावं? डबीतून पेन काढलं आणि कागद पुढं केला. "भाऊ, जे सांगायचं आहे ते लिहा. तीन ओळींत." मला वाटलं, आता हा माणूस पेन हिच्या तोंडावर फेकणार. माझीच मला लाज वाटली. माधवरावांनी पेनाकडं बघितलं, खुर्ची ओढली आणि बसले. बराच वेळ लिहीत होते. घाम पुसत लिहीत होते.

आपानं मोठ्यानं वाचलं. वर मधोमध 'विनंती अर्ज'. मग नाव, गाव, तालुका मुखेड, जिल्हा नांदेड. मग विषय, मुलीच्या अभ्यासाबाबत. "वरील विषयी विनंती करतो की, माझी मुलगी अश्विनी ही हुशार असून तिने परत अभ्यासास लागावे. मी तिला कधीही रागावलो नाही. घरी आल्यापासून ती जेवताना बोलते. तरी याबाबत योग्य ती कारवाई व्हावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू."

तलाठ्याला लिहितात तसं. दुसरं कसं लिहितात, ते त्या माणसाला कुणी शिकवलं होतं?

आपा म्हणाली, "तीनपेक्षा जास्त झालं," आणि पेनानं खोडायला लागली. नाव खोडलं, गाव खोडलं, विषय खोडला, कारवाई खोडली. कागद परत दिला. त्यावर एवढंच उरलं होतं: घरी आल्यापासून ती जेवताना बोलते.

"अहो, कामाचं सगळं खोडलं की तुम्ही," माधवराव म्हणाले. "हे कशाला ठेवलं?"

आपानं पेन डबीत ठेवलं. माधवराव कागद बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "काल तिनं शेजारच्या म्हशीची नक्कल केली. पोरीच्या मायला हसून हसून घास गिळंना." एवढं बोलून त्यांनी चेहरा असा केला, जणू चोरी पकडली गेली. आमच्याकडं न बघता कागद खिशात घातला आणि उठले.

दारात मला म्हणाले, "मावशी, पेटी राहू द्या. मी तिला विचारतो."

मला काही समजलं नाही. भांडायला आलेला माणूस भांडला नाही, न्यायला आलेली पेटी नेली नाही. आपाला विचारलं तर तिनं खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

अश्विनी परत आली, पण बरेच दिवस घालवून. तोवर बाकीच्या पोरींच्या घरी बातमी गेली होती. दोन आयांनी मला फोनवर सुनावलं. मी आपाला स्वच्छ सांगितलं, रविवार बंद. जेवायला या, बसा, पण कागद-पेन माझ्या ओसरीवर नको. मला मेस चालवायची आहे. तक्रार केली नाही तिनं. जेवायला येत राहिली. पोरी परत मोबाईलमध्ये बघून जेवू लागल्या. अश्विनीही त्यांच्यासारखीच जेवू लागली. अधूनमधून एखादी आपाकडं बघायची आणि मान खाली घालायची.

परीक्षेच्या दिवशी पोरी निघाल्या तेव्हा आपा तिच्या दारात उभी होती. अश्विनी थांबली. "आपा, आज काय लिहू?"

"आज काही लिहू नको. नुसते गोल भर. नीट भर."

पोरगी हसली आणि गेली.

निकाल लागला. अश्विनीचं थोडक्यात गेलं. अगदी थोडक्यात. आधीच्या वर्षीपेक्षा कितीतरी चांगले मार्क होते, पण डॉक्टरकीला पुरले नाहीत. नुसते ते घरी घालवलेले दिवस जोडले असते, तर कदाचित पुरले असते. किंवा ती घरी गेली नसती तर परीक्षेलाच बसली नसती. आता हा हिशेब कुणी मांडायचा? ती सध्या नांदेडला कॉलेजात आहे. कॉलेजच्या अंकात तिचं काहीतरी छापून येतं. मला फोन करते. एखाद्या दिवशी म्हणते, "मावशी, आपा नसत्या तर मी त्या खोलीत संपले असते." आणि एखाद्या दिवशी, मैत्रिणींचे पांढरे कोट फोनवर पाहिले की म्हणते, "आपांनी माझं नुकसान केलं. तुम्ही तरी त्यांना लवकर थांबवायचं." मी दोन्ही वेळेला 'हाव, बरोबर हाय' म्हणते. दोन्ही वेळेला ती खरंच बोलत असते.

गेल्या वर्षी आपाचे गुडघे गेले. भाऊ उदगीरहून घ्यायला आला. मी स्टँडपर्यंत गेले, डब्यात दशम्या दिल्या. भाऊ पिशव्या वर लावत होता, आपा खिडकीशी बसली. खिडकीतून तिनं माझा हात धरला.

"अक्का, त्या पोरीचे थोडेसेच कमी पडले ना. ते माझ्यामुळं गेले का?"

मी जन्मभर तोंडावर बोलत आले. कुणी विचारलं नाही तरी बोलले. आणि आता तर ही बाई सरळ विचारत होती. हो म्हणावं तर मला ती पिठाच्या डब्यात झोपणारी पुस्तकं आठवत होती. नाही म्हणावं तर पांढरे कोट.

"मला काय विचारता? मी चौथी शिकलेली बाई," मी म्हणाले.

"तरी पण सांगा."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तसा तिचा हात सुटला. मी तिथंच उभी राहिले. गाडी वळेपर्यंत आपा मागं बघत होती. खिडकीतून बाहेर काढलेला हात ती हलवत नव्हती. तळवा वर करून तसाच धरला होता, काय म्हणून विचारतात तसा.